चार नंबर टेबलावरचा क्रेट

आमच्या कारखान्यात फवारणीचे पंप जोडतात. नगरच्या एमआयडीसीत असले छोटे कारखाने पुष्कळ, त्यातलाच हा एक. मी केडगावहून येते. आधी तीन नंबरच्या टेबलावर पंप जोडायचे. पुढे कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी मला स्टोअरमध्ये नेऊन बसवलं, कारण बायकांत टायपिंग येणारी मी एकटी. बढती म्हणे! पगार थोडा वाढला आणि गप्पा गेल्या.

गप्पा म्हणजे चार नंबरच्या टेबलावरची माझी मैत्रीण. राजूरच्याही वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतली. नवऱ्याला इथे काम लागलं म्हणून केडगावात खोली घेऊन राहायची. सकाळचा पहिला पंप जोडला की त्यात पाणी भरून तपासायचा असतो. नोझल बादलीत धरायचा, एवढं साधं काम. पण ही बया तो माझ्या तोंडावर धरायची. रोज! मी रोज चिडायचे आणि ती रोज म्हणायची, "आता कशी लई गोरी दिसती बघ."

गेल्या पावसाळ्यानंतर तिची सासू अंथरुणाला खिळली आणि दोघं नवराबायको गावी गेली. जाताना म्हणाली, "नाताळाच्या आत येते. तुझ्या करंज्या कोन खानार?"

आमच्याकडे रजेवर जाणारी बाई आपला क्रेट भरून ठेवते. एका पंपाचे सगळे सुटे भाग त्यात मांडायचे: टाकी, पट्टे, नळी, नोझल, पितळी वॉल्व्ह. म्हणजे परत आल्या दिवशी स्टोअरच्या खिडकीशी ताटकळावं लागत नाही. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं ते असतं. दुसरीच्या भरल्या क्रेटला कुणी हात लावत नाही. तिनेही आपला क्रेट भरला, वर फडकं टाकलं आणि गेली.

नाताळ झाला. आमच्या घरी नाताळाला करंज्या होतात; तिच्या वाटच्या डब्यात मऊ पडल्या, शेवटी मीच संपवल्या. पुढे नवं सॉफ्टवेअर आलं. सुरू करताना सगळा माल मोजायचा होता, तेव्हा मी तिचा क्रेटही मोजला आणि त्यातले भाग चार नंबर टेबलाच्या नावावर चढवले. जिथे जे आहे तिथे ते दाखवा, असं सांगितलं होतं ना! मग फडकं झटकून पुन्हा घातलं.

गुड फ्रायडे होऊन गेल्यावर एका सकाळी मोठी ऑर्डर आली. पंप जोडून संध्याकाळच्या टेम्पोत चढवायचे होते. आता रीत अशी, की सॉफ्टवेअर चिठ्ठी काढतं, कुठल्या रॅकवरून कोणता भाग किती उचलायचा ते सांगतं, मगच माल टेबलावर जातो. मी बटण दाबलं. चिठ्ठी निघेना. उचलण्यासारखा माल नाही म्हणे. मागे रॅक गच्च भरलेले, आणि हे शहाणं मला सांगतंय माल नाही!

मी सेटिंग तपासायला लागले. जोडणीच्या ऑर्डरला चिठ्ठी लागते, हे भरलेलं होतं. कुठल्या रॅकवरून माल काढायचा, काढलेला माल कुठे ठेवायचा, तेही बरोबर होतं. शेवटी पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, एकही भाग कमी पडला तर चिठ्ठीच काढायची नाही, असं तुमच्या साहेबांनीच सेट करून घेतलंय. एकेक भाग बघा."

एकेक भाग बघितला. पितळी वॉल्व्ह एक कमी पडत होता. म्हणजे हिशेबात पुरेसे होते, पण त्यातला एक चार नंबर टेबलावर, तिच्या क्रेटमध्ये होता. जोडणीच्या टेबलावर पोचलेला माल सॉफ्टवेअर पुन्हा उचलू देत नाही.

"मग तो परत रॅकवर घ्या," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

त्याच्या दृष्टीने असेल. मी त्याला विचारलं, दुसरा काही मार्ग नाही का? नव्हता. वॉल्व्ह राजकोटहून येतात, नवे यायला आठवडा होता. साहेब दोनदा डोकावून गेले. मी स्क्रीनकडे बघत बसले. मला माझी मैत्रीण परत हवी होती, आणि ती येणार म्हणायला त्या क्रेटशिवाय माझ्याकडे काही नव्हतं.

तिच्या वाडीत रेंज नाही. पण त्या दिवशी राजूरचा बाजार होता, ती तिथे आली असेल म्हणून फोन लावून बघितला. उचलला. मागे बाजाराचा कालवा.

"अगं, तुझा क्रेट मोडू का?"

"कोनचा क्रेट?"

मग तिलाच आठवलं. "आगं बया, त्यो आजून तसाच हाय व्हय?" ती हसली, आणि हसता हसता थांबली. "माझं येनं न्हाई व्हायचं आता. सासूचं समदं जागेवर करावं लागतं. हितं शेत बी हाय. त्यो पंप तूच जोड, दुसऱ्या कुनाला देऊ नको."

"बरं," म्हणाले.

फडकं काढलं, क्रेटमधले भाग रॅकवर ठेवले आणि तशी नोंद केली. बटण दाबताच चिठ्ठी निघाली. साहेब म्हणाले, "वा, जमलं की!" ऑर्डरमधला एक पंप मी मागून घेतला आणि तिच्या टेबलावर बसून जोडला. हात विसरले नव्हते. पाणी भरलं, दांडा हलवून हवा भरली आणि नोझल उचलला.

तीन नंबरच्या टेबलावर आता एक नवी बाई असते. ती मान खाली घालून काम करत होती. मी नोझल तिच्याकडे धरला नाही, माझ्याच तोंडावर धरला आणि खटका दाबला. पाणी तेवढंच गार होतं, पण चिडायचं कुणावर? मी पदराने तोंड पुसलं आणि उरलेलं पाणी बादलीत सोडलं.