कोई तकलीफ?

तोफखान्यात एक न लिहिलेली शिस्त होती. डॉक्टरने विचारलं, "कोई तकलीफ?" की छाती पुढे काढून ओरडायचं, "नहीं साहब!" तक्रार कागदावर चढली की मेडिकल कॅटेगरी घसरायची आणि बढती हुकायची. निवृत्तीच्या तपासणीतही मी तेच ओरडलो आणि सही ठोकली. डावा कान तेव्हाच निम्मा गेला होता. घरी आल्यावर मात्र बायकोवर डाफरायचो, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

पुढे महाळुंग्याच्या एका कंपनीत गेटवर लागलो. एका दुपारी डाव्या बाजूने ट्रक मागे येत होता. हॉर्न वाजवत होता म्हणे. दुसऱ्या एका ड्रायव्हरने दंड धरून मला खेचलं आणि खेकसला, "राव, बहिरे हाय का?" तो खरं बोलला याचाच मला जास्त राग आला.

बायकोच्या आग्रहाखातर अपंगत्व पेन्शनचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. त्रास नाही असं तुम्हीच लिहून दिलंय, बहिरेपणाचा सेवेशी संबंध नाही, असं उत्तर आलं. मी कागद चुरगाळून फेकला. तिने तो उचलून हाताने सरळ केला आणि ट्रंकेतून एक जुनी चिठ्ठी काढली. गोळीबाराच्या सरावानंतर कानातून रक्त आलं होतं, तेव्हा युनिटच्या दवाखान्याने दिलेली. मी ती कधीच विसरलो होतो, तिने जपून ठेवली होती. ती जोडून अपील केलं. मग दिघीच्या घरात रोज चहाबरोबर माझी उजळणी सुरू झाली. "अहो, विचारलं की खरं सांगा. एवढंच करा."

अपिलाच्या बोर्डापुढे डॉक्टरने विचारलं, "कोई तकलीफ?"

टाचा आपोआप जुळल्या. "नहीं साहब!"

त्याने लिहायला पेन उचललं. जन्मात पहिल्यांदा मी एका अधिकाऱ्याला मध्येच थांबवलं. "साहब, झूठ बोल दिया. बाएँ कान से सुनाई नहीं देता. रिटायरमेंट के टाइम भी झूठ बोला था." लाज वाटली, आणि हलकंही वाटलं.

काही महिन्यांनी पत्र आलं. बायकोने माझ्या उजव्या बाजूला बसून ते मोठ्याने वाचलं. बहिरेपण सेवेमुळेच आल्याचं मान्य झालं होतं. मी पेढे आणायला चपला घालू लागलो. तिने पत्राची नीट घडी घातली.

"म्हणजे इतकी वर्षं मी पुटपुटत नव्हते," ती म्हणाली.

मी चपला काढल्या आणि तिच्याजवळ येऊन बसलो.