इंग्रजीत बोललेलं एक वाक्य

मुलांनो, हे तुमच्या आजोबांनाही कधी कळलं नाही. आता सांगते, कारण परवा तुम्ही थुंकीच्या नळ्या पाठवून वंश तपासून घेतलात आणि फोनवर म्हणालात, "आजी, वाचलो! सगळे आपापल्या बापाचेच निघालो!" मी हसले. कशी हसू शकले?

मी मेडिकलच्या मुलांना आनुवंशिकता शिकवायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. माणसं लपवतात, रक्त लपवत नाही — असं मी वर्गात सांगायचे. आधी संशय घ्यायचा, मग ऐकायचं. याला मी शिस्त म्हणत असे.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन किन्हवलीच्या शाळेत आरोग्य शिबिराला गेले. सुगंधा नावाची बाई आजारी मुलाला घेऊन आली. सिकलसेल. या आजारात सदोष जनुक आई आणि बाप, दोघांकडून यावं लागतं. आईच्या रक्तात ते सापडलं. बापाच्या — नाही. पुन्हा तपासलं. नाहीच.

थांबायला हवं होतं, नाही का? मी शाळेच्या फळ्यावर त्या घराचा वंशवृक्ष काढला, बापासाठीच्या चौकोनाशी प्रश्नचिन्ह टाकलं आणि म्हणाले, "धिस मॅन इज नॉट द फादर." पोरं गालात हसली. इंग्रजीत बोललं की पडदा पडतो, असा माझा समज — घरी नोकरांसमोर आयुष्यभर तेच केलेलं. पण तिचा नवरा भिवंडीच्या गोदामात कामाला जाणारा. मुलाला कडेवर घेऊन दारातच उभा होता. 'नॉट' आणि 'फादर' कोणाला कळत नाहीत?

त्यानं मुलाला खाली ठेवलं. सासू तिथंच ओरडली, "कोनाचा गो ह्यो? बोल ना आता!"

सुगंधा माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तरी सांगा यांना. मी दुसऱ्या कोनाला वळखत पन नाय."

मी पुढच्या पेशंटला बोलावलं. मनात म्हटलं, सगळ्याजणी हेच म्हणतात.

ती मुलाला घेऊन शेणव्याला, भावाकडे गेली.

कॉलेजात मी बापाचं आणि मुलाचं उरलेलं रक्त सविस्तर तपासायला दिलं. चूक निघेल म्हणून नव्हे — माझं म्हणणं पक्कं व्हावं म्हणून. बापात थॅलेसेमियाचं जनुक निघालं. सिकलच्या चाचणीत ते दिसतच नाही. आईकडून सिकल आणि बापाकडून थॅलेसेमिया आलं, तरी मूल तसंच आजारी पडतं. मुलात दोन्ही होती. हा धडा मीच दरवर्षी शिकवत होते. मुलगा त्याचाच होता.

शहापूरहून किन्हवलीची एसटी रोज सुटायची. मी चढले नाही. विद्यार्थ्यांपुढे लाज वाटली म्हणून? तसं मी स्वतःला सांगत आले. त्यावरही आता विश्वास नाही. ती बाई खोटी ठरलेलीच मला सोयीची होती. तो वंशवृक्ष तर मी पुढेही वर्गात दाखवत राहिले — नावं पुसून, बापाच्या चौकोनाशी प्रश्नचिन्ह तसंच ठेवून. पोरं दरवर्षी तिथंच हसायची. मी हसू द्यायचे.

सुगंधाच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. ती शेणव्यातच वारली. तिला खरं काय ते कोणी सांगितलं नाही — सांगू शकणारी मी एकटीच होते.

मुलगा आहे. मुरबाडच्या स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी रस्त्याच्या या बाजूनं पाहिलं, पलीकडे गेले नाही. दुकानाच्या पाटीवर त्याच्या नावापुढे, जिथं बापाचं नाव लिहितात तिथं, 'सुगंधा' लिहिलेलं आहे.