उलटं लिहिलेलं असोदा
थर्माकोलाचा वास आला, की जळगावच्या आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात विंडोज आलं तो दिवस मला आठवतो. तोवर आम्ही डॉसच्या काळ्या पडद्यावर पत्रं टाइप करायचो, आणि सरकीची धूळ की-बोर्डात जाऊन बसायची. नवा कॉम्प्युटर थर्माकोलातून काढून बसवायला आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, पासवर्ड लावलेल्या फायली आधी उघडून द्या, नाहीतर राहून जातील." माझी अशी एकच फाइल होती, चाळीसगावच्या शाळेतल्या नोकरीच्या अर्जाची. यजमान तिकडेच नोकरीला होते. त्या अर्जाबद्दल मी ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं, तरी वर्षभरापूर्वी साहेबांना तो कळला, त्यांनी अनुभवाचा दाखला अडवला आणि नोकरी हातची गेली. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या अक्कांनीच माझे डोळे पुसले होते. आता मात्र पासवर्ड काही केल्या आठवेना. नावं, तारखा, सगळं टाकून पाहिलं. तेवढ्यात रजिस्टरमधून मान वर न करता अक्का म्हणाल्या, "तुन्हा गावनं नाव उलटं लिख ना." मी असोदा उलटं टाइप केलं आणि अर्ज उघडला. त्यांचं पेन थांबलं. "तुम्हाला कसं माहीत, अक्का?" त्या हळूच म्हणाल्या, "तू गेली असतीस तर मी इथे एकटी पडले असते." पुढे चार वर्षं आम्ही शेजारीच बसलो, पण मी त्यांना अक्का म्हणणं सोडलं. साहेबांवरचा राग केव्हाच विरला. अक्कांवरचा अजून आहे, आणि तो जावा असं मला आजही वाटत नाही.