कुजबुजत झालेला वाढदिवस

मंडळी, आज आमच्या ईराचा वाढदिवस. दुपारी पुऱ्यांची कणीक मळतानाच माझा मायग्रेन सुरू झाला. उजेड सोसवेना, पोटात ढवळायला लागलं. गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत पडले. हे दर आठवड्याचंच आहे, पण आज फार रडू आलं.

संध्याकाळी घरात अगदी शांतता होती. सासूबाई पाणी घेऊन आल्या. विचारलं, "आई, मुलांना येऊ नका म्हणालात?"

"छे! सगळी सोसायटी आलीये. तुझ्या लेकीने बजावलंय, ओरडेल त्याला केक नाही."

तेवढ्यात दार किलकिलं झालं. सगळी मुलं कुजबुजत गाणं म्हणत होती. ईरा केक घेऊन माझ्याजवळ आली. "आई, इथेच कापूया. टाळ्या उद्या वाजवू."

डोकं अजून ठणकतंय, तरी हे लिहिल्याशिवाय राहवेना. तुमचं दुखणं घरात असं कोण सांभाळून घेतं?