तिसऱ्यांची टरफलं

१८ फेब्रुवारी. विळीवर तिसऱ्या, खाडीतले छोटे शिंपले, उघडत होते. टरफलं बोटांतच चुरत होती.

"काय आणलंस गं हे?" मी मासे विकणाऱ्या शोभाला विचारलं.

"खाडी देते तेच आणते, वहिनी. सांडपाण्यानं शिंपलं धरतच नाही म्हणतात. ह्यापण संपल्या की मी विकू काय? तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?" ती हसली.

मोरी खाडीतच जाते. गावात दुसरी वाट नाही. ज्या पाण्यात राहायचं, त्यातूनच या जिवाला घर बांधायचं असतं, आणि ते पाणी आम्ही पाठवतो. पाण्याशिवाय संसार करणं मला येत नाही.

१९ फेब्रुवारी. सकाळी भांडी घासली, कपडे धुतले आणि पाणी सोडून दिलं.