करंट बसला अन् गुलाबनं फावडं आणलं

बायांनो, आज ओल्या हातानं कूलर सरकवाले गेली अन् करंटनं मले धरलं. सुनेनं मेन बंद केलं तवा सुटली.

पडल्या पडल्या डोळ्यापुढच्या धुक्यात लहानपणचा, आमच्या सौसर गावातला पहिला बल्ब दिसला. त्याखाली, राज्यं नव्यानं वाटली तवाचा, माहा बाप लोकायले विचारून राहिला होता, "आता आपण नागपूरचे का भोपाळचे?" उठूच नये वाटलं.

डोळे उघडले त शेजारचा गुलाब फावडं घेऊन उभा. "आजीले मातीत गाडा, करंट उतरते!"

"जित्तीले गाडतं काय रे, मुडद्या?"

सुनेनं गाडीत घालून दवाखान्यात नेलं. बोटावर तिळाएवढा डाग, पण डॉक्टर म्हणे, करंट आतून काळजाची चाल बिघडवते. म्हणून मशीन लावून ठेवली आहे. तिची हिरवी रेघ त्या बल्बावानी डुलून राहिली.

तुमच्या घरचे फावडं आणतीन का गाडी? आजच विचारून ठेवा.