पडद्याच्या मागचा डावखुरा

सिनेमाचा पहिला भाग मी पाहिला तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. दुसरा भाग आला तेव्हा तो महाराष्ट्रात होता. मधे आणखी एकदोन राज्यं येऊन गेली, पण आमचं बीबी गाव जागचं हललं नाही आणि त्या तलवारवाल्या नायकावरची माझी भक्तीही हलली नाही.

भक्ती लागली मेहकरला, मामाच्या घरी. तिथं तंबूतला सिनेमा यायचा. पडद्याच्या पुढे मोठी माणसं आणि मागे आम्ही पोरं. पडदा जुन्या धोतरासारखा पातळ, त्यामुळे चित्र पलीकडूनही दिसायचं. पाट्यांवरची अक्षरं उलटी यायची, पण आम्हाला सुलटी तरी कुठं वाचता येत होती? तंबू उठेपर्यंत मी रोज तिथं होतो. नायक बुरुजावरून थेट घोड्याच्या पाठीवर उडी मारायचा आणि डाव्या हातानं सपकन तलवार उपसायचा. मीही गोठ्याच्या भिंतीवरून मामाच्या म्हशीवर उडी मारली, डाव्या हातात तुरीची काडी धरून. म्हैस ऐन वेळी बाजूला झाली. सिनेमातल्या घोड्याला तशी मुभा नसावी.

पुढे संसार झाला, पोटावरची बंडी घट्ट झाली आणि धाकटी मुलगी डावखुरी निघाली. भाकरी डाव्या हातानं थापायची, घासही डाव्या हातानं घ्यायची. माझ्या आईला ते बघवत नसे. "पोरीची जात हाय," ती म्हणायची, "उद्या सासरी डाव्या हातानं वाढलं तं पंगतीतून उठून जातीन लोकं." मी तेवढ्यापुरता शूर व्हायचो आणि म्हणायचो, "आई, एवढा मोठा नायक डावखुरा होता, त्याच्या पंगतीतून कोणी उठलं का?" पोरीलाही मी रोज तीच गोष्ट सांगायचो. ती ऐकताना डावी मूठ घट्ट आवळून बसायची.

म्हणून आमच्या गावात तंबू लागला आणि त्यात चक्क दुसरा भाग आला, तेव्हा आईनं घरात जाहीर केलं, "मी येतो पाहाले. डावरा असला तं पोरीले कधी बोलणार नाही. नसला तं उद्यापासून जेवताना तिचा हात पाठीशी बांधीन." माझा होकार माझ्या आधी माझ्या अभिमानानं दिला. पोरगी माझ्याकडे पाहून हसली. तिला निकाल माहीत होता.

तंबूत मधे दोरी. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. आई, बायको आणि मुलगी दोरीला लागूनच बसल्या. मी आता मोठा माणूस, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या पुढे बसलो.

नायक आला. टाळ्या मीच सुरू केल्या, मग जरा कमी केल्या. इतक्या वर्षांत त्यानं खाण्यापिण्यात हयगय केली नव्हती. कमरपट्ट्याला नवीन भोक पाडलेलं लांबूनही कळत होतं. बुरुजावर तो चढायचा आणि उडी मारणारा कोणी दुसराच, सडपातळ, पाठमोरा माणूस असायचा. घोडा नवा होता, आणि नायक जवळ आला की एक पाऊल मागे सरायचा. मला मामाची म्हैस आठवली. नायिका नायकाच्या मुलीच्या वयाची. लढाईआधी तो प्रामाणिकपणावर एवढं लांब बोलला की शत्रूचे सैनिक टेकून उभे राहिले. तरी तो जुनं हसू हसला तेव्हा, खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

मग त्यानं तलवार उपसली. उजव्या हातानं.

नेमकं तिथंच रीळ संपलं. तंबूवाल्याकडे यंत्र एकच, त्यामुळे रीळ बदलायला दिवे लागत. दोरीपलीकडून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज आला, "काऊन बे, कुठी गेला तुया डावरा?"

"वय झालं त्याचं," मी म्हणालो. "खांदा दुखत असेल."

"सारं सोडून खांदाच दुखते काय त्याचा? पोट पाह्य त्याचं!"

बाया हसल्या. मुलगी हसली नाही. तिनं डावा हात परकराच्या घडीत घातला आणि खाली बघत राहिली.

पुढच्या रिळात नायकाला जुने दिवस आठवले, म्हणजे पहिल्या भागातला तुकडाच पुन्हा लावला. तोच बुरूज, तोच खरा घोडा, तीच माझी उडी. आणि तलवार उजव्याच हातात! लहानपणी मी पडद्याच्या कुठल्या बाजूला बसलो होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्या कोवळ्या, सडपातळ माणसाकडे पाहून माझे डोळे भरले, आणि त्याच वेळी त्याच्या नावानं केलेली वकिली पार बुडाली.

दिवे लागताच मी दोरीखालून मुलीला ओढलं आणि तिला पडद्यामागे घेऊन गेलो. गावातली पोरं तिथं होतीच. चित्र सुरू झालं. तोच लठ्ठ नायक, तलवार डाव्या हातात. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि परकरातला हात हळूच बाहेर काढला.

"बाबा, इथून सगळेच डावरे हाय."

तेवढ्यात आम्हाला शोधत आई आली. तिला बोलायचं होतं, पण पडद्यावर नायकाची आई लेकाला ओवाळत होती. डाव्या हातानं. मग तिनं त्याच हातानं लेकाला घास भरवला आणि त्यानं तो आनंदानं खाल्ला. माझी आई उभीच राहिली. "हे काय व माय!" एवढंच म्हणाली आणि पोरांमध्ये मांडी घालून बसली. शेवटपर्यंत उठली नाही. नायक जिंकला की फक्त दमला, ते मला आठवत नाही. मी त्या दोघींकडेच पाहत होतो.

सकाळी चुलीशी मुलगी भाकरी थापायला बसली, पीठ डाव्या हाताखाली. मी दारातच थबकलो. आई एरवी तिच्या शेजारी पाट मांडून हातावर टपली मारायला तयार असे. त्या दिवशी तिनं पाट उचलला, चुलीच्या पलीकडे नेला आणि पोरीच्या अगदी समोर बसली.

"आजी, हात बांधतं काय?" मुलीनं विचारलं.

"कायले?" आई म्हणाली. "इकून तं माह्या उजव्याच बाजूले हाय. थाप."